वहिनींच्या नावावरचा आजार

शिरीष मुखेडकरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र राउरकेल्याहून आलं होतं, त्याची आई गेल्यानंतर दोनेक वर्षांनी. ख्यालीखुशालीच्या चार ओळी झाल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली होती. 'काका, मी पन्नाशी ओलांडली. परवा रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाचं नाव आठवेना, अर्धा दिवस हैराण झालो. आईला झाला तो आजार आईकडून मुलाकडे येतो का? तुम्ही तिचे डॉक्टर, म्हणून तुम्हालाच विचारतो. असेल ते सांगा.'

मी त्याच दिवशी कागद घेऊन बसलो. 'प्रिय शिरीष, अनेक आशीर्वाद' इथवर लिहिलं आणि थांबलो. त्यानंतरही कितीदा बसलो. डॉक्टर म्हणून उत्तर सोपं होतं, पण त्यात 'तुझ्या आईच्या आजाराबद्दल' असे शब्द आले असते, आणि ते शब्द माझ्या हातून उतरेनात.

शिरीषचे वडील श्रीपादराव मुखेडकर उदगीरच्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. निवृत्त झाले तरी संध्याकाळी तिथेच जाऊन बसत, कारण त्यांच्याशिवाय कुणाला पुस्तकं सापडत नसत. मी लग्न केलं नाही. दवाखान्याच्या वर दोन खोल्या होत्या, त्यांत राहत असे. बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही. पेशंटला वाईट काही सांगायचं असलं की मी टेबलाकडे बघून सांगतो. गावात ज्या घरी मी न बोलावता जाई असं मुखेडकरांचं ते एकच घर. श्रीपादराव बोलत, मी ऐकत असे, आणि त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी आतल्या खोलीत दहावीच्या मुलींना गणित शिकवत असत. जाताना श्रीपादराव माझ्या हातात एखादं पुस्तक ठेवत आणि म्हणत, हे तुम्ही वाचायलाच पाहिजे.

तर एका सकाळी ते दोघं दवाखान्यात आले. माझी गर्दी संपत आली होती.

"डॉक्टर, आज पुस्तक नाही आणलं, हिला आणलंय," श्रीपादराव खुर्चीत बसत म्हणाले. "तुमच्याकडे पेशंटपेक्षा पुस्तकंच जास्त, म्हटलं एक पेशंट आपणच द्यावा."

काय होतंय म्हणून मी वहिनींना विचारलं. उत्तर श्रीपादरावांनीच दिलं.

"हिच्या काही लक्षात राहत नाही हो. किल्ल्या मी खुंटीला लावतो, ही उचलून भलतीकडे ठेवते, आणि वर मलाच म्हणते तुम्ही ठेवल्यात. परवा गॅस चालू राहिला. विचारलं तर म्हणे, मी स्वयंपाकघरात गेलेच नव्हते. आता घरात आम्ही दोघंच. मांजर तर गॅस लावत नाही."

 वहिनी पदर सारखा करत होत्या.

त्याच सुमाराला मी एका इंग्रजी वैद्यकीय अंकात एक लेख वाचला होता. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला काही विचारलं की तो उत्तर देण्याआधी बरोबरच्या माणसाकडे मान वळवून बघतो, ही खूण फार मोलाची आहे, असं त्यात होतं. त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. आमच्याकडे हा आजार तेव्हा कुणी आजार म्हणून आणत नसे. म्हातारपण म्हणत आणि घरात ठेवत. त्यामुळे मी आजवर तो बहुतेक पुस्तकातच पाहिला होता.

"वहिनी, आज वार कोणता?"

वहिनींनी मान वळवून श्रीपादरावांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते हसले. "निवृत्त माणसाला सगळेच रविवार."

महिना विचारला. पुन्हा मान वळली. श्रीपादराव खिडकीकडे हात करून म्हणाले, कोणता का असेना, उकडतंय एवढं खरं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या. मग वहिनींना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने ते विचारले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, नाही आठवत. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं, तेव्हाही तसंच.

"अगं, तुझाच तर विषय," श्रीपादराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बसला.

मुलींना गणित शिकवणाऱ्या बाईला शंभरातून सात जात नाहीत, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याआधी आनंद झाला. मी नेहमी शंका घेत जगणारा माणूस. साध्या तापालाही दोन पुस्तकं उघडून बघणारा. आणि आज वाचलेलं जसंच्या तसं समोर येऊन बसलं होतं. दर प्रश्नाला मान वळत होती. मी लिहीत गेलो.

मग टेबलाकडे बघत मी श्रीपादरावांना सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तो बरा होत नाही, गोळीने थोडा सावरतो, पुढे माणसं ओळखू येईनाशी होतात, रस्ते चुकतात, शेवटी सगळंच दुसऱ्याने करावं लागतं. गरजेपेक्षा जास्तच सांगितलं असेन. मान वर केली तर त्यांनी वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला होता. माझ्यासमोर, दवाखान्यात. त्या पिढीतली माणसं असं करत नसत.

"मी आहे ना," ते वहिनींना म्हणाले. "तू कशाला घाबरतेस? मी सगळं लक्षात ठेवीन."

वहिनींनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्या धीर मागताहेत. दारातून निघताना त्या थांबून म्हणाल्या की यांचंही एकदा बघाल का, झोप नीट लागत नाही त्यांना. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. गोळ्या सुरू केल्या. श्रीपादराव वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला बायकोच्या आजाराबद्दल सांगत. त्यात लपवण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं. लोक हळहळत.

महिना झाला असेल. भर दुपारी, दवाखाना बंद करून मी जेवायला वर निघालो होतो, तेव्हा वहिनी एकट्याच आल्या. घाम आलेला. श्रीपादराव कुठे आहेत म्हणून विचारलं.

"झोपलेत. बाहेरून कडी घालून आलेय. फार वेळ नाही माझ्याकडे."

बाहेरून कडी का, हे विचारायच्या आत त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आंबा, खुर्ची, नाणं."

मला काही कळेना.

"तुम्ही त्या दिवशी लक्षात ठेवायला सांगितलेले शब्द. आणि शंभरातून सात ना? त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. पुढे जाऊ का पुरे?"

मी पुरे म्हटलं.  विचारलं, मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?

"त्या दिवशी मी दर प्रश्नाला त्यांच्याकडे बघत होते, भावजी. तुम्ही त्यांच्याकडे बघावं म्हणून. एका तरी प्रश्नाचं उत्तर त्यांना देता आलं का? वार सांगता आला? महिना सांगता आला? तुम्ही माझ्याकडेच बघत राहिलात आणि लिहीत राहिलात."

तोवर दवाखान्यात त्या मला डॉक्टर म्हणत. त्या दिवशी भावजी म्हणाल्या.

मी विचारलं, तोंडाने का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, त्यांच्यासमोर? नवरा बायकोला घेऊन आलाय, तिच्या काळजीने, आणि बायको डॉक्टरांना म्हणणार की माझं नाही, यांचंच डोकं तपासा? दुसऱ्या कशासाठी ते दवाखान्यात आलेच नसते. वर्षभर त्या काही ना काही निमित्त शोधत होत्या. मग हळूहळू श्रीपादराव प्रत्येक गोष्ट वहिनींवर ढकलायला लागले, मुद्दाम नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि एक दिवस म्हणाले, तुला डॉक्टरांना दाखवू. वहिनींनी ते लगेच मान्य केलं.

"मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल," त्या म्हणाल्या. "ते खलाशाच्या आठवणींचं पुस्तक तुम्हाला त्यांनी तीनदा दिलं. तुम्ही तीनदा घेतलंत. तीनदा परत आणून दिलंत."

"त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी..."

"तेच तर. तुम्ही त्यांना वाईट वाटू द्यायचं नाही, मीही नाही. मग बोलायचं कुणी?"

मी म्हटलं, आता मी बोलतो. चूक माझी आहे, मीच येऊन सांगतो, तपासतो, आणि तुमच्या नावावरचं हे सगळं खोडून टाकतो. वहिनी मान हलवत राहिल्या. मग त्यांनी मला श्रीपादरावांच्या वडिलांबद्दल सांगितलं. इतकी वर्षं मी त्या घरी जात होतो, पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. मुखेडला म्हातारे असेच झाले होते. रस्त्यावर जात, कपड्यांचं भान राहत नसे. तेव्हा भावांनी त्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं आणि दाराला साखळी घातली. श्रीपादराव तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. सुटीत जाऊन भरवत, धूत. म्हातारे त्यांना ओळखत नसत, चावत. ते गेल्यावर तेराव्याच्या रात्री श्रीपादराव बायकोला म्हणाले होते की माझं असं व्हायला लागलंय हे मला कळलं, तर मी त्याच दिवशी विहीर जवळ करीन. तुझ्यावर ही वेळ येऊ देणार नाही.

"तरुणपणी माणूस बोलतो असं," मी म्हटलं.

"तुम्ही ओळखता त्यांना. पुस्तकाची तारीख उलटली म्हणून सख्ख्या भावाचं सभासदत्व बंद केलेला माणूस आहे. म्हणाले ते करतील." त्यांनी पदराने घाम पुसला. "त्या दिवशी तुम्ही जे जे सांगितलंत ना, पुढे काय काय होतं ते, ते त्यांनी ऐकलं आणि माझा हात धरला. माझं म्हणून ऐकलं, म्हणून धरवलं. त्यांचं म्हणून ऐकलं असतं तर?"

मी टेबलाकडे बघायला लागलो.

"नाव माझंच राहू दे. उपचार त्यांचे करा. तुम्ही लिहून दिलेली गोळी मी त्यांनाच देतेय, पित्ताची म्हणून."

मी घाबरलो. त्या गोळीने नाडी मंद होते, भूक जाते. न तपासलेल्या माणसाला महिनाभर ती चालली होती. आणि माणसाला न सांगता औषध देणं हे मला कुठल्याही पुस्तकात बसवता येईना. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, मग तपासा. निमित्त तुम्ही काढा, तुम्ही शिकलेले आहात. शिरीषला तरी कळवू का, असं मी विचारलं. त्या चटकन म्हणाल्या, त्याला तर मुळीच नाही. तो बापावर गेलाय, सरळ तोंडावर बोलेल.

"आणि लोक तुम्हाला...?"

"काय म्हणतील? विसरभोळी म्हणतील. फार तर कुणी उसनी साखर मागायला येणार नाही."

कडी उघडायला त्या भराभर निघून गेल्या. त्या दुपारी मी जेवलो नाही. रात्री ठरवलं की श्रीपादरावांना सगळं सांगायचं, आणि सकाळी ठरवलं की नाही सांगायचं. मग त्या घरी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोललो. म्हटलं, लातूरला वहिनींच्या मेंदूचा फोटो काढायचाय, पण तुलनेसाठी त्याच घरातल्या, त्याच अन्नापाण्यावरच्या निरोगी माणसाचा फोटोही लागतो. रक्तही लागतं.  आपण निरोगी नमुना ठरलो, याचा श्रीपादरावांना अभिमानच वाटला.

"घ्या की. हिच्यासाठी डोकंच काय, काय म्हणाल ते देतो," ते म्हणाले. आणि यंत्रात आडवं होताना तिथल्या माणसाला म्हणाले, नीट काढा, हा नमुन्याचा आहे.

तो नमुन्याचा फोटो मी रात्री दिव्यासमोर धरून पाहिला. जे दिसायला नको होतं ते सगळं त्यात होतं. वहिनींचा फोटो त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम होता.

तिथून पुढे दर महिन्याला ते दोघं येत. कागदावर नाव वहिनींचं. मी श्रीपादरावांना विचारायचो, या महिन्यात वहिनींचं कसं होतं, आणि ते मनापासून सांगायचे. ही चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवते. हिला कालचं जेवण आठवत नाही. ही एकच गोष्ट पाच वेळा विचारते. त्यांच्या तोंडून मी त्यांचा आजार ऐकत होतो आणि त्याप्रमाणे गोळी कमी-जास्त करत होतो. सांभाळणाऱ्याची तब्येत आधी, असं म्हणून त्यांची नाडी बघत होतो, वजन घेत होतो. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं ताकदीची म्हणून देत होतो. पथ्यं सांगायची तीही वहिनींची म्हणून. त्यांना एकटं सोडू नका. बाहेर जाताना हात सोडू नका. घरातल्या कपाटांवर आत काय आहे ते लिहून चिकटवा, त्यांना सोपं जाईल. श्रीपादरावांनी सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहून लावल्या. बाजारात ते वहिनींचा हात धरून चालत, म्हणून हरवले नाहीत. आपल्यावर एक माणूस अवलंबून आहे, या एका जाणिवेने ते बराच काळ टिकून राहिले. हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. ते श्रेय माझं नाही.

गावात त्यांच्याबद्दल आदराने बोलत. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं बायका म्हणत. वहिनींशी त्या मोठ्या आवाजात बोलायला लागल्या, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. हळदीकुंकवाला त्यांना कोपऱ्यात बसवून हातात लाडू देत. दहावीच्या मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. शेवटची मुलगी थांबली त्या महिन्यात वहिनी माझ्यासमोर बसल्या होत्या आणि श्रीपादराव मागे हात धुवायला गेले होते.

"शिरीषचा फोन येतो," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याशी बोलताना एकेक शब्द सुटा करून बोलतो. जे-व-लीस का. मी काही सांगायला लागले की म्हणतो, हो हो, बाबांना दे."

मी म्हटलं, वहिनी, आता पुरे. मी त्याला लिहितो.

"नको." मग जरा हसून म्हणाल्या, "इथं येते तेव्हा तुमच्याशी दोन वाक्यं धड बोलते, तेवढंच आता माझं बोलणं. पण तुम्ही काही बोलत नाही, ही पंचाईत."

खरंच मी काही बोललो नाही. त्या संध्याकाळी वर जाऊन बसलो आणि त्यांना काय काय म्हणता आलं असतं ते सुचत गेलं. मला नेहमी नंतर सुचतं.

पुढची दोन वर्षं उतरणीची होती. श्रीपादरावांचं पाऊल अडखळायला लागलं, वाचनालय सुटलं. लोक म्हणत, बायकोचं करून करून थकला बिचारा. वहिनींना ते ऐकू जाई. शेवटी शेवटी ते मला ओळखत नव्हते, पण मी कुणीतरी कामाचा माणूस आहे एवढं त्यांना कळत असावं. एका दुपारी त्यांनी माझी बाही धरली आणि पलंगाशेजारी बसलेल्या वहिनींकडे बोट करून विचारलं, "ही बाई आजारी आहे ना? हिच्याजवळ कोण आहे?"

"तुम्ही आहात," मी म्हटलं.

"मग ठीक," ते म्हणाले. त्यानंतरच्या आठवड्यात न्यूमोनियाने गेले. आपल्याला काय झालंय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवस झाल्यावर शिरीष राउरकेल्याला परत गेला. आईला नेण्याआधी तिथे खालच्या मजल्यावरचं घर घ्यायचं त्याने ठरवलं होतं. मी वहिनींकडे गेलो. आता शिरीषला सांगायला काय हरकत आहे, असं विचारलं. त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढत होत्या.

"आधी मलाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण त्याला सांगितलं की तो आजोबा, मग बाप, असं मोजत बसेल. आणि पुढचा आकडा स्वतःचा काढील. माझ्या नावावर राहू दे. बाईच्या डोक्याचं कोण मोजतं?"

गणिताची बाई हिशेबात चुकली ती तेवढ्याच ठिकाणी. शिरीषच्या पत्राने मला ते दाखवलं. पण पत्र यायला अजून अवकाश होता. वहिनी त्या पावसाळ्यात हृदयविकाराने गेल्या. मला निरोप आला तेव्हा उशीर झाला होता.

शिरीष आला. तेराव्याला माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "काका, जायच्या आदल्या आठवड्यात फोनवर आई म्हणाली, मी जेवढं विसरले असं तुम्ही सगळे समजता ना, तेवढं मी काही विसरले नाही रे. इतकं स्पष्ट म्हणाली. मी म्हटलं, हो हो आई." तो हसला आणि त्याने डोळे पुसले. "आजारात असं मधूनच स्पष्ट बोलतात का?"

शिरीषला सांगणार नाही, असा शब्द मी वहिनींना दिला होता. मी पंगतीतल्या पानाकडे बघत म्हटलं, बोलतात कधी कधी.

त्यानंतर त्याचं ते पत्र आलं, आणि पुढे बरीच वर्षं ते तसंच राहिलं. मी दवाखाना बंद केला. डोळ्यांनी वाचन कमी झालं.

गेल्या महिन्यात वाचनालयात श्रीपादरावांच्या तसबिरीचं अनावरण होतं. मला बोलायला सांगितलं होतं. माझ्या आधी अध्यक्ष बोलले. वेडसर पत्नीची अखेरपर्यंत सेवा करणारा देवमाणूस, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. समोर सगळं गाव बसलं होतं. श्रीपादराव फार चांगले ग्रंथपाल होते, एवढं म्हणून मी खाली बसलो.

चहाच्या वेळी एक मध्यमवयीन बाई जवळ आल्या. लातूरला शाळेत शिकवतात, म्हणाल्या. गणितच. कुमुदकाकूंकडे शिकत होत्या, पुढे घरच्यांनी जाऊ दिलं नाही.

"नंतर त्या रस्त्यात दिसल्या की मी पलीकडच्या बाजूला जायची," त्या म्हणाल्या. "भीती वाटायची हो. एकदा त्यांनी मला हाक मारली होती, नावाने. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तुम्ही डॉक्टर होता त्यांचे. त्यांना कळलं असेल का?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, हे त्या बाईंना समजलं नसेल. मला तिथेच, त्या चहाच्या घोळक्यात, सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण हे आधी कळायला हवं ते त्यांना नव्हे, शिरीषला. घरी येऊन मी कागद घेतला. वहिनींना दिलेला शब्द मोडतोय, हे मला माहीत होतं. बरोबर करतोय की चूक, हे मला लिहितानाही ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. पण माझ्यानंतर हे जाणणारं जगात कुणी उरणार नव्हतं.

'प्रिय शिरीष, अनेक आशीर्वाद. उत्तराला इतका उशीर झाला, त्याची क्षमा मागायची सोयही मी ठेवलेली नाही. तू विचारलेला आजार तुझ्या वडिलांना होता, आणि त्यांच्या वडिलांनाही. म्हणून तो तुला होईलच असं नाही. शक्यता थोडी वाढते, त्यापलीकडे आजही कुणी काही सांगू शकत नाही. एखादं नाव न आठवणं म्हणजे तो आजार नव्हे. तुझ्या आईला कसलाही आजार नव्हता. माझं निदान चुकलं होतं, आणि ते तसंच ठेवावं हे तिने ठरवलं, तुझ्या वडिलांसाठी. ते का आणि कसं, हे पुढच्या कागदांवर लिहिलं आहे. त्या वर्षांत ती फोनवर तुझ्याशी जे जे बोलली ते सगळं पूर्ण शुद्धीत बोलली. ते तसं धरून एकदा आठवून बघ.'

पुढचे कागद लिहायला तीन संध्याकाळी लागल्या. पत्ता जुनाच होता. तो अजून तिथे राहतो की नाही, मला माहीत नाही. पोस्टातल्या बाईंनी घेणाऱ्याचा फोन नंबर विचारला. नाही म्हटलं. नंबर नसला तर पोचल्याचं कळवता येणार नाही, त्या म्हणाल्या.

चालेल, मी म्हटलं. त्यांनी पाकिटावर शिक्का मारला.